टीबीची औषधं सुरू झाली, पण रेझिस्टन्सची जांच झाली का? (इंदूर आणि आसपास)

रामबागवाला

इंदुरात टीबीचं निदान व्हायला आता फार खटपट लागत नाही. एक्स-रे गल्लोगल्ली निघतो, सीटी त्याच दिवशी होतो, चेस्ट फिजिशियनही भरपूर आहेत. गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. चार औषधांची गोळी सुरू होते, पण अंगातला जंतू त्या औषधांना दाद देणारा आहे की नाही, हे कुणी बघितलेलंच नसतं. दोन-तीन महिने गोळ्या खाऊनही खोकला हटत नाही, वजन चढत नाही, तेव्हा कुठे विषय निघतो. तोवर जंतू आणखी एखाद्या औषधाला सरावलेला असतो.

२०१८ पासून राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचा नियम असा आहे की निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची किमान रिफॅम्पिसिन या मुख्य औषधासाठी तरी रेझिस्टन्स तपासणी व्हायला हवी. रुग्ण सरकारी दवाखान्यात आहे की खासगीत, याच्याशी संबंध नाही. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू ठेवूनही ही जांच सरकारी यंत्रणेत फुकट होते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ज्यांनी सांगायला हवं ते दर वेळी सांगतातच असं नाही.

पद्धत साधी आहे. डॉक्टरांनी निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या नोंदीच्या सरकारी संकेतस्थळावर, रुग्णाची नोंद करायची. ७ मे २०१२ च्या आदेशापासून ही नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय आयडी मिळतो, तो फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पर्चीवर नुसतं 'स्पुटम एएफबी' (थुंकीची स्लाइड) नको, 'नॅट आणि एलपीए' असं स्पष्ट लिहून घ्या. नॅट म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारी मशीनची जांच, एलपीए म्हणजे रेझिस्टन्स दाखवणारी पट्टीची जांच. मग जवळच्या टीबी युनिटमध्ये किंवा एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या मनोरमा राजे टीबी हॉस्पिटलमध्ये नमुना द्यायचा. तिथे तपासणीची मागणी त्याच आयडीखाली चढली पाहिजे. कागदावरच राहिली तर रिपोर्ट येतो, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो दिसत नाही.

कुठे अडलात तर निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६, फोन फुकट लागतो.

आता ज्यांना लॅबची आणि औषधांची बाजू माहीत आहे त्यांनी भर घालावी.

---

छावनीकर_काकू

चांगला धागा काढलात. आमच्या भजनी मंडळातल्या एकींच्या रिपोर्टवर 'एमटीबी डिटेक्टेड लो, रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं आलंय. म्हणजे सगळी औषधं लागू पडणार, असं समजायचं ना?

---

स्लाइड_आणि_स्टेन

नाही काकू. या रिपोर्टचा अर्थ एवढाच की जंतू सापडला आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देईल. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल, म्हणजे आयएनएचबद्दल, सीबीनॅट एक अक्षर बोलत नाही. ट्रूनॅटही नाही. नॅटची ही दोन्ही मशिनं आरपीओबी या जनुकाचा एक छोटा तुकडा वाचतात, रिफॅम्पिसिनचे बहुतेक बदल तिथेच होतात म्हणून.

पूर्वी सगळे धरून चालायचे की रिफॅम्पिसिन ठीक म्हणजे बाकीचंही ठीक. ते खरं नाही. २०१४ ते २०१६ मध्ये देशभर जे रेझिस्टन्सचं सर्वेक्षण झालं, त्यात नव्या रुग्णांमध्ये एमडीआर, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयएनएच दोन्हींना दाद न देणारा जंतू, ३ टक्क्यांहून थोडा कमी होता. पण आयएनएचचा कुठल्याही प्रकारचा रेझिस्टन्स नव्या रुग्णांतच सुमारे ११ टक्के होता. आधी कधी टीबीची औषधं घेतलेल्यांमध्ये तो सुमारे २५ टक्के निघाला. म्हणजे नुसत्या रिफच्या रिपोर्टवर खूश व्हायचं तर दहात एखादा माणूस नजरेतून सुटणार, हे गृहीत धरावं लागतं.

आयएनएचसाठी पुढची जांच म्हणजे एलपीए, लाइन प्रोब अ‍ॅसे. तीत एका पट्टीवर रेघा उमटतात: रिफॅम्पिसिनसाठी आरपीओबी, आयएनएचसाठी कॅटजी आणि आयएनएचए. नमुना लॅबमध्ये पोचल्यावर साधारण तीन दिवसांचं काम. पण खोच अशी की एलपीए थेट थुंकीवर तेव्हाच नीट चालते, जेव्हा स्लाइडवर जंतू दिसतात. स्मिअर (म्हणजे स्लाइड) निगेटिव्ह आणि नॅट पॉझिटिव्ह असेल तर आधी लिक्विड कल्चर लावायचं, जंतू वाढवायचे आणि मग वाढीवर एलपीए. याला महिना-दीड महिना सहज जातो. 'लो' आणि 'व्हेरी लो' रिपोर्टवाले बरेचदा याच गटात पडतात.

म्हणून त्या बाईंसाठी विचारायचा प्रश्न असा: एलपीएसाठी नमुना गेला का, आणि स्मिअर निगेटिव्ह असेल तर कल्चर लावलं का? उत्तर 'गेला' असं आलं तर लॅबचा नंबर मागा.

---

छातीचा_डॉक्टर

वरच्यात भर. आयएनएच रेझिस्टंट निघाला आणि रिफॅम्पिसिन ठीक असेल तर घाबरण्याचं कारण नाही, मात्र उपचार बदलतो. लिव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड, चारही सहा महिने. नेहमीच्या उपचारात पायराझिनामाइड दोन महिन्यांनी थांबतं, इथे शेवटपर्यंत चालतं. त्यामुळे यकृताकडे लक्ष जास्त ठेवावं लागतं.

हा बदल केलाच नाही तर काय होतं? दोन महिन्यांनंतर रुग्ण आयएनएच, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉलवर येतो. आयएनएच आधीच निकामी, इथॅम्ब्युटॉल मुळातच हलकं. म्हणजे सगळा भार एकट्या रिफॅम्पिसिनवर. उरलेले जंतू त्याच्याविरुद्ध तयार होतात आणि सहा महिन्यांत बरा होणारा माणूस एमडीआर होऊन बसतो. एमडीआरच्या सगळ्याच केसेस बाहेरून लागण होऊन आलेल्या नसतात, काही आपणच आपल्या पर्चीवर घडवतो.

एलपीएच्या रिपोर्टवर कोणत्या जनुकात बदल आहे तेही वाचा. कॅटजीत असेल तर आयएनएच जवळपास गेलंच. नुसतं आयएनएचएमध्ये असेल तर रेझिस्टन्स हलका असतो, वाढीव मात्रेत आयएनएचचा उपयोग होऊ शकतो, पण इथिओनामाइड हे दुसरं औषध हातचं जातं.

आणि आयएनएच रेझिस्टंट निघाल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन डोळे झाकून सुरू करू नये. त्याच नमुन्यावर सेकंड लाइन एलपीए करून घ्यावी, ती फ्लोरोक्विनोलोन गटाचा, म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटाचा, रेझिस्टन्स दाखवते. आपल्याकडे हा गट किती बेफिकिरीने वापरला जातो ते दवाबाजारवाले सांगतील.

---

दवाबाजार

सांगतो. खोकला-ताप आठवडाभर राहिला की लिव्होफ्लॉक्सासिन. टायफॉइडचा संशय आला की ऑफ्लॉक्सासिन. लघवीची जळजळ, तेच. सायनस, मॉक्सिफ्लॉक्सासिन. हा सगळा गट टीबीवर काम करणारा आहे. टीबी असलेल्याने आठ-दहा दिवस तो घेतला की खोकला थोडा उतरतो, स्लाइड निगेटिव्ह येऊ शकते, निदान पुढे ढकललं जातं, आणि जंतूला पुढच्या फळीचं औषध आयतं ओळखीचं होतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासल्याशिवाय हा गट घेऊ नका, काउंटरवर कुणी पुढे केला तरी. लिनेझोलिडचंही तेच.

टीबीची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. दुकानदाराने पर्ची बघून, रजिस्टरात रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहूनच द्यायची असतात. जो विचारतो त्याच्यावर चिडू नका, तो नियम पाळतोय. जो न विचारता पंधरा दिवसांच्या गोळ्या बांधून देतो त्याच्याकडे जाऊ नका.

---

पोहे_जलेबी

एक शंका. लॅबवाले 'टीबी गोल्ड' करा म्हणतात, रक्ताची. त्यातून रेझिस्टन्स कळतो का? किंमत बघता तेवढं तरी कळायला हवं :)

---

स्लाइड_आणि_स्टेन

रेझिस्टन्स नाही, आणि सध्या आजार चालू आहे की नाही तेही नाही. टीबी गोल्ड म्हणजे इग्रा. शरीराची कधी ना कधी टीबीच्या जंतूशी गाठ पडली आहे एवढंच ती सांगते, आणि आपल्याकडे अशी गाठ पडलेल्या मोठ्या माणसांची संख्या प्रचंड आहे. प्रतिबंधक औषध कुणाला द्यायचं हे ठरवायला तिचा उपयोग होतो. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या जुन्या टेस्टवर तर २०१२ मध्येच सरकारने बंदी घातली. रेझिस्टन्स कळायला जंतू हातात लागतो, नाहीतर निदान त्याचा डीएनए. तो फुफ्फुसाच्या टीबीत थुंकीत असतो, रक्ताच्या नळीत नाही.

---

महूकर

नमुन्याबद्दल सविस्तर लिहा ना. महू, देपालपूर, सांवेरकडून नमुने इंदूरला येतात आणि 'पुन्हा पाठवा' असा निरोप उलट येतो. कारण कुणी सांगत नाही.

---

स्लाइड_आणि_स्टेन

कारणं ठरलेली आहेत. एकेक घेऊ.

पहिलं, नमुना म्हणजे थुंकी नव्हे, बेडका. तोंडातली पातळ, फेसाळ लाळ आली की मशीन 'नॉट डिटेक्टेड' सांगतं आणि ते उत्तर मशीनच्या दृष्टीने बरोबरच असतं. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने दोनदा चूळ भरायची. जंतुनाशक माउथवॉश नको. मोकळ्या हवेत किंवा गच्चीवर जायचं, घरात माणसांच्या मधोमध बसून नाही. दोन-तीन खोल श्वास, शेवटचा थोडा रोखून धरायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. २ मिलीपेक्षा कमी नको, ५ मिलीपर्यंत आलं तर उत्तम. घट्ट, पिवळसर आलं तर काम झालं. बेडका येतच नसेल तर ३ टक्के सलाइनची वाफ देऊन आणता येतो, पण ते हॉस्पिटलात, घरच्या नेब्युलायझरवर नाही.

दुसरं, डबी. कल्चर आणि एलपीएसाठी ५० मिलीची निमुळत्या बुडाची, फिरवून बंद होणाऱ्या झाकणाची फाल्कन ट्यूब लागते आणि ती टीबी युनिटमध्ये मिळते. लघवीच्या डबीत आणलेला नमुना वाटेत गळतो, आणि गळलेला नमुना लॅब उघडतच नाही. नाव आणि निक्षय आयडी ट्यूबच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं बदलली की माणसं बदलतात.

तिसरं, उन्हाळा. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिशीपार जातो. मोटरसायकलच्या डिकीत चार तास पडलेल्या नमुन्यात टीबीचा जंतू हळूहळू मरतो आणि तोंडातले इतर जंतू भराभर वाढतात. कल्चर लावलं की चार दिवसांत ट्यूब गढूळ होते आणि रिपोर्ट येतो 'कंटॅमिनेटेड'. नॅट थोडी उष्णता सोसते, कारण त्याला डीएनए पुरतो. कल्चरला जिवंत जंतू लागतो. म्हणून तीन थरांचं पॅकिंग, गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, २ ते ८ अंश तापमान आणि ७२ तासांच्या आत लॅब. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत टेबलावर राहिला तर त्याचं काही उरत नाही. शक्यतो सोमवार ते गुरुवारच्या सकाळी द्या. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बंद पिशवीत ठेवा. फ्रीझरमध्ये नाही.

चौथं, मशीन. सीबीनॅटमध्ये नमुन्याच्या दुप्पट रसायन घालून १५ मिनिटं ठेवतात, मधे हलवतात, मग २ मिली मशीनच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये). पुढे साधारण दोन तास. चार मॉड्यूलचं मशीन म्हणजे दोन तासांत चारच नमुने, त्यामुळे रांग लागते. बेडका फार चिकट असला, त्यात अन्नाचे कण किंवा रक्त असलं तर मशीन मधेच 'एरर' देऊन थांबतं. काडतुसं २८ अंशांच्या आत ठेवायची असतात, खोलीचा एसी बंद पडला की एरर वाढतात. 'एरर', 'इन्व्हॅलिड' आणि 'नो रिझल्ट' हे तिन्ही शब्द निगेटिव्ह नाहीत. जांच झालीच नाही, असा त्यांचा अर्थ. हे वाक्य लिहून ठेवा, कारण 'इन्व्हॅलिड' वाचून 'टीबी नाही' असं सांगून घरी पाठवलेली माणसं असतात.

'रिफ इंडिटर्मिनेट' आलं तर जंतू सापडले पण इतके कमी की रेझिस्टन्स वाचता आला नाही. सीबीनॅटच्या 'अल्ट्रा' काडतुसात 'ट्रेस' असं येतं, त्यातही रिफचं उत्तर नसतं. दोन्हींसाठी ताजा, चांगला बेडका पुन्हा.

आणि 'पुन्हा पाठवा' एवढाच निरोप आला तर एसटीएसना, म्हणजे तुमच्या युनिटच्या सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझरना, नेमकं कारण विचारा. ते नोंदवलेलं असतं. कारण न कळता दुसरा नमुना दिला तर तोही त्याच वाटेने जाणार.

---

महूकर

धन्यवाद दादा. ट्रूनॅट आणि सीबीनॅटमध्ये कोणतं चांगलं?

---

स्लाइड_आणि_स्टेन

जे जवळ आहे आणि चालू आहे ते. ट्रूनॅट गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, एसीची खोली मागत नाही, म्हणून लहान केंद्रांना सोयीचं. त्यात रिफची चिप वेगळी असते: आधी टीबी आहे का बघायचं, पॉझिटिव्ह आला की त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफ. तासभर अधिक. तेव्हा ट्रूनॅटच्या रिपोर्टवर नुसतं 'एमटीबी डिटेक्टेड' असेल तर विचारा, रिफची चिप लावली का? चिप संपलेली असली की रिपोर्ट अर्ध्यावरच हातात पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

---

लोकमान्यनगर_२

फुफ्फुसाबाहेरच्या टीबीचं काय? गळ्याच्या गाठी, पाठीचा मणका, आतड्यांचा. आपल्याकडे हे खूप निघतात.

---

छातीचा_डॉक्टर

रेझिस्टन्सच्या दृष्टीने सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात, आणि दोषी एकच द्रव आहे: फॉर्मेलिन.

सर्जन गाठ काढतो, सवयीने सगळी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतो, ती पॅथॉलॉजीला जाते. रिपोर्ट येतो 'केसिएटिंग ग्रॅन्युलोमा'. निदान झालं. पण फॉर्मेलिनने जंतू मेले, त्यामुळे कल्चर होत नाही. डीएनएचेही तुकडे पडले, त्यामुळे नॅटचा भरवसा नाही. गाठ परत येत नाही आणि मणक्याचं ऑपरेशन जांचेसाठी दुसऱ्यांदा कुणी करत नाही.

म्हणून ऑपरेशनच्या किंवा सुईच्या तपासणीच्या आधीच, शक्यतो आदल्या दिवशी, डॉक्टरांना विचारा: 'अर्धा नमुना साध्या सलाइनमध्ये नॅट आणि कल्चरसाठी पाठवाल ना?' दोन बाटल्या लागतात. फॉर्मेलिनची पॅथॉलॉजीसाठी, नॉर्मल सलाइनची टीबी लॅबसाठी. सलाइनवाली कोरडी पडू द्यायची नाही आणि त्याच दिवशी पोचवायची. विचारायला संकोच वाटतो खरा, पण ऑपरेशन थिएटरच्या गडबडीत ही आठवण करून दिलेली कुणाही समजदार सर्जनला खटकत नाही.

गाठीतला पू असेल तर तो उत्तम नमुना. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत पाठीतलं पाणी पुरेसं घ्यावं, दोन-चार थेंबांत जंतू सापडत नाही. छातीतल्या पाण्यात नॅट बहुधा निगेटिव्ह येतं, टीबी असला तरी. तिथे आवरणाचा तुकडा जास्त उपयोगी. आणि नॅट निगेटिव्ह आलं म्हणून फुफ्फुसाबाहेरचा टीबी नाही असं होत नाही.

---

छावनीकर_काकू

आणि लहान मुलं? ती थुंकत नाहीत, गिळतात.

---

छातीचा_डॉक्टर

म्हणूनच पोटात शोधायचं, काकू. सकाळी उपाशीपोटी, मूल उठून हिंडायला लागायच्या आधी, नाकातून नळी घालून जठरातला द्राव घेतात. त्यात आम्ल असतं, म्हणून लगेच तपासायचा किंवा सोडियम बायकार्बोनेट घालून पाठवायचा. काही ठिकाणी शौचावरही नॅट करतात, मुलाला त्रास नाही. मुलांत जंतू कमी असतात, त्यामुळे उत्तर निगेटिव्ह येणं नेहमीचंच. अशा वेळी घरातल्या ज्या मोठ्या माणसाला टीबी आहे, त्याचा रेझिस्टन्सचा रिपोर्ट हाच मुलाच्या उपचाराचा आधार. आजोबांचा रिपोर्ट नातवाच्या डॉक्टरला दाखवा.

हेच प्रतिबंधक औषधालाही लागू. घरात टीबी निघाला की बाकीच्यांना आयएनएचची गोळी द्यायची रीत आहे. पण घरातला रुग्णच आयएनएच रेझिस्टंट असेल तर त्या गोळीचा उपयोग नाही, रिफॅम्पिसिन चार महिने देतात. रुग्ण एमडीआर असून फ्लोरोक्विनोलोनला दाद देणारा असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन सहा महिने.

---

जुनी_इंदूरवाले

एक मुद्दा खटकतो. एवढं सगळं वाचून लोक औषध थांबवून रिपोर्टची वाट बघत बसतील. एलपीए, कल्चर, महिना-दोन महिने. तोपर्यंत माणूस खंगेल आणि घरात पसरवेल.

---

रामबागवाला

मुद्दा बरोबर. म्हणून क्रम लक्षात ठेवा: नमुना आधी, गोळी नंतर, दोन्ही शक्यतो एकाच दिवशी. नॅटसाठी एखादा दिवस थांबता येतं. एलपीएसाठी थांबायचं नाही. रिपोर्ट उलट आला तर औषध बदलतात. प्रकृती फार खालावली असेल, मेंदूचा टीबी असेल, तर नॅटसाठीही कुणी थांबू नये.

गोळी सुरू होऊन महिना झाला असेल आणि तपासणी झालीच नसेल, तरी आज नमुना द्या. स्लाइडवर जंतू दिसत असतील तर एलपीए होते. मात्र औषध लागू पडत असेल तर जंतू कमी होत जातात आणि नमुना सापडणं अवघड होतं. म्हणून तर पहिला दिवस महत्त्वाचा.

---

छावनीकर_काकू

आणि रिफ रेझिस्टन्स 'डिटेक्टेड' आलं तर?

---

छातीचा_डॉक्टर

आधी एकदा श्वास घ्या. रुग्ण नवा असेल, पूर्वी कधी औषध घेतलं नसेल, घरात एमडीआर कुणी नसेल, तर दुसऱ्या नमुन्यावर नॅट परत करून खात्री करतात. विशेषतः रिपोर्टवर 'व्हेरी लो' असेल तर मशीन कधीकधी खोटा रेझिस्टन्स दाखवतं.

खात्री झाली की डीआर-टीबी केंद्राकडे, म्हणजे रेझिस्टंट टीबीच्या केंद्राकडे. तिथे फर्स्ट लाइन आणि सेकंड लाइन एलपीए, शिवाय लिक्विड कल्चर. कल्चरला जंतू वाढायला दोन आठवडे किंवा जास्त लागतात, ४२ दिवस वाट पाहून मगच निगेटिव्ह म्हणतात. वाढ झाल्यावर त्यावर पुढच्या औषधांची तपासणी.

आता बीपाल-एम ही पद्धत आपल्याकडे २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, २६ आठवडे, सगळी गोळ्यांची, इंजेक्शन नाही. १४ वर्षं किंवा त्याहून मोठ्या, गरोदर नसलेल्या रुग्णांसाठी. पूर्वी दीड-पावणेदोन वर्षं उपचार चालायचे, त्या मानाने फार मोठी सुटका. पण म्हणूनच फ्लोरोक्विनोलोनची तपासणी आणखी गरजेची झाली. तो रेझिस्टन्स असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन वगळतात आणि उरलेल्या तिघांवर भार पडतो.

सुरू करण्याआधी ईसीजी, कारण बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबवतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, कारण लिनेझोलिड रक्त उतरवतं. तळपायाची जळजळ किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. गोळ्या जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी बेडाक्विलिन नीट शोषलं जात नाही. ही औषधं कार्यक्रमातून फुकट मिळतात, बाजारात शोधत हिंडू नका.

---

निमाडी

झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडच्या लोकांबद्दल कुणी तरी लिहायला हवं होतं. इंदूरला येणाऱ्या रुग्णांत ते मोठ्या संख्येने असतात. दोन गोष्टी.

एक, स्थलांतर. मजूर गुजरातेत कामाला असतो, निदान तिथे होतं, औषध अर्ध्यावर सोडून गावी येतो, पुढचा उपचार इंदुरात नवा म्हणून सुरू होतो. नवा आयडी, जुना इतिहास गायब. असा माणूस 'आधी औषध घेतलेला' गटातला असतो आणि त्याचा रेझिस्टन्सचा धोका कितीतरी जास्त. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात अशांत एमडीआर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होता. नवा आयडी काढू देऊ नका, जुना ट्रान्सफर करायला सांगा. आयडी हरवला असेल तर मोबाइल नंबरवरून सापडतो. निदान 'याआधी एक महिना तरी टीबीची गोळी खाल्ली होती का' हे भिलीत किंवा निमाडीत विचारा, मालवी ढंगाच्या हिंदीत विचारलं तर मान डोलावून 'नाही' म्हणतात.

दुसरी, सिलिकोसिस. गुजरातेतल्या दगड दळायच्या कारखान्यांत काम केलेले आणि मंदसौरकडचे स्लेट-पेन्सिलवाले, यांच्या एक्स-रेवर पांढरे ठिपके दिसतात आणि तेवढ्यावर टीबीची औषधं चालू होतात, पुनःपुन्हा. फरक पडत नाही तेव्हा 'रेझिस्टंट असेल' म्हणून वरची औषधं. काही वेळा मुळात टीबी नसतोच, धूळ असते. काही वेळा दोन्ही असतात, सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर होतो. एक्स-रेवरून हे कळत नाही, बेडका तपासूनच कळतं. कामाचा इतिहास पर्चीवर लिहून घ्या.

---

छातीचा_डॉक्टर

निमाडींचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला जोडून: स्लाइड पॉझिटिव्ह पण नॅटमध्ये टीबी नाही, असं दोनदा आलं तर तो टीबीचा भाऊबंद असू शकतो, एनटीएम. त्यालाही टीबीची नेहमीची औषधं पुरत नाहीत आणि तोही 'रेझिस्टंट टीबी' म्हणून वर्षभर चुकीच्या रांगेत उभा राहतो. कल्चर आणि जंतूच्या प्रजातीची ओळख मागा.

---

लोकमान्यनगर_२

शेवटचं विचारतो. औषध चालू असताना तिसऱ्या महिन्यात परत सीबीनॅट करायला सांगितलंय, सुधारणा बघायला. करायचं का?

---

स्लाइड_आणि_स्टेन

सुधारणा बघायला नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनएही मशीनला दिसतो, त्यामुळे बरा होत असलेला माणूसही महिनोन्‌महिने 'डिटेक्टेड' येऊ शकतो आणि घरात उगाच हलकल्लोळ होतो. सुधारणेसाठी स्लाइड, शक्य तर कल्चर, आणि दर महिन्याला वजन.

पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी स्लाइड पॉझिटिव्ह असेल, किंवा निगेटिव्ह होऊन पुन्हा पॉझिटिव्ह झाली, तर नवा नमुना रेझिस्टन्ससाठी जायलाच हवा. पहिला रिपोर्ट चांगला होता तरीही. अर्जावर तपासणीचं कारण 'फॉलो-अप' असं टिक होऊ देऊ नका, लॅब नुसती स्लाइड करून परत करते. 'रेझिस्टन्स तपासणी' असं लिहून घ्या आणि दोन ट्यूब द्या, एक त्याच वेळची, एक दुसऱ्या दिवशी सकाळची.